परवानाधारक आणि सहप्रवासी

तलवाड्यातल्या आमच्या कृषी सेवा केंद्रात, मालकाच्या खुर्चीच्या बरोबर वर, माझा फोटो लावलेला आहे. नवीन गिऱ्हाईक आत आलं की आधी फोटोकडे बघतं, मग खाली बसलेल्या माझ्या नवऱ्याकडे बघतं आणि आवाज उतरवून विचारतं, "वहिनींना जाऊन किती दिस झाले?"

मी गेलेली नाही. मी दुकानामागच्या घरातच असते. फोटो परवान्याचा आहे. फवारणीची औषधं विकायची तर सरकारला शेतकीची नाहीतर रसायनशास्त्राची पदवी दाखवावी लागते. ती यांच्याकडे नव्हती. मी अंबाजोगाईला रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली. मला बघायला आलेल्या मंडळींनी स्वयंपाक येतो का, एवढंसुद्धा विचारलं नाही. सासऱ्यांनी सरळ पदवीचा कागद मागितला, दारात जाऊन उजेडात धरला, शिक्का निरखला आणि म्हणाले, "पोरगी पसंत हाय." पुढे परवाना आला, तो चौकटीत बसवला. त्यावरचा फोटो फारच लहान दिसतो म्हणून यांनी हौसेनं तोच मोठा करून शेजारी टांगला. तपासणीला अधिकारी आले की मला हाक यायची. मी पदर सावरून खुर्चीत बसायची, दोन सह्या करायची आणि परत कुकरच्या शिट्ट्या मोजायला आत.

अशी एकोणीस वर्षं गेली. मग एका दुपारी मला तपासणी नसताना हाक आली.

दुकानात एका औषध कंपनीचा साहेब बसला होता. आमच्या दुकानानं त्यांचा माल भरपूर खपवला होता, म्हणून कंपनी परदेशात सहल नेणार होती. हे खुर्चीतून अर्धे उठून विचारत होते, "मंग मी अन् आणखी कोण कोण?"

"तुम्ही नाही मालक," साहेब फोटोकडे बोट करून म्हणाला. "ह्या. परवानाधारक. तुम्हाला सहप्रवासी म्हणून येता येईल."

कंपनीनं नियमच केला होता. आदल्या सहलीला दुकानदारांनी कुणी मेहुणा पाठवला, कुणी व्याही पाठवला. त्यातल्या एकानं हॉटेलात काय केलं ते साहेबानं माझ्यासमोर सांगितलं नाही, यांच्या कानात सांगितलं. हे ऐकून ओठ दाबून हसले आणि मग माझ्याकडे बघून गंभीर झाले.

सहलीचा कागद रंगीत होता. नारळाची झाडं, निळं पाणी, आणि खाली लिहिलेलं: मार्गदर्शकासोबत इलेक्ट्रिक बाईकवरून बेटाची सफर. 'बाईक' हा एक शब्द वाचून यांनी कागद घडी घालून खिशात ठेवला. आठ दिवसांत अख्ख्या गावाला कळलं की मालक समुद्रातल्या बेटावर गाडी पळवायला चाललेत. गेवराईहून काळा गॉगल आला. बिनबोटांचे हातमोजे आले. नवव्या दिवशी मी तो कागद उलगडून मागचं चित्र दाखवलं.

यांनी चित्र डोळ्यांजवळ धरलं. "ही तर सायकल हाय!"

"बॅटरीवरची हाय," मी म्हणाले.

"पायडल हाय का न्हाई?"

"हाय."

"मंग सायकलच की!"

आमच्या वाणी लोकांत दुकानदार सायकलवर दिसला तर दुसऱ्या दिवशी मालवाले उधारी बंद करतात, असं यांचं ठाम मत. तरी सराव हवाच होता. शेजारच्या मास्तरांची सायकल मागून आणली आणि हे सकाळी गेवराईच्या रस्त्याला लागले. अर्ध्या तासात परत आले. रस्त्यात भेटलेल्या प्रत्येकानं थांबवून विचारलं होतं, "कावून मालक, गाडी इकली का काय?" एकानं तर हळहळून स्वतःच्या मोटारसायकलवर मागं बसायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी हे म्हणाले, "झाला सराव."

मग ती सायकल मी घेतली. कॉलेजला असताना तीन वर्षं मी अंबाजोगाईच्या चढावर सायकल हाणलेली. सुटीच्या दिवशी शाळेच्या मैदानावर चकरा मारल्या. हात विसरले नव्हते, गुडघे मात्र साफ विसरले होते. सायकलसाठी पंजाबी ड्रेस शिवला, तेव्हा सासूबाईंनी तो उलटून पालटून बघितला आणि म्हणाल्या, "घालायचा तर घाल. पण फोटू साडीतच काड."

आमच्या गटात बीड जिल्ह्यातले सहा दुकानदार आणि मी. बाकीच्या पाचांच्या बायकांना घरी लेकरांच्या परीक्षा होत्या. मे महिन्याच्या भर सुटीत कुठल्या शाळेत परीक्षा असतात हे मी विचारलं नाही. गटाचे पुढारी मांजरसुंब्याकडचे एक मोठे विक्रेते. ते कुठल्यातरी संघटनेचे अध्यक्ष होते. कुठल्या, ते कुणाला ठाऊक नव्हतं, पण सगळे त्यांना अध्यक्षच म्हणत. विमानतळावर कंपनीनं सगळ्यांना पोपटी टी-शर्ट दिले. पुढे कंपनीचं चिन्ह, पाठीवर मोठ्या अक्षरांत 'तणाचा नायनाट, एकाच फवाऱ्यात'. माझा टी-शर्ट गुडघ्यापर्यंत आला. सामानात प्रत्येकाच्या घरून धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी. विमानात डबे उघडले तेव्हा पुढच्या रांगेतली गोरी बाई शिंकायला लागली ती उतरेपर्यंत थांबली नाही.

त्या बेटाचं नाव मी लिहीत नाही, कारण आमच्यापैकी कुणालाच ते शेवटपर्यंत नीट म्हणता आलं नाही. बेट हिरवंगार होतं. रस्त्याच्या कडेला पाणी, भिंतीवरून पाणी, देवळाच्या पायरीतून पाणी. पहिल्या दिवशी बसमध्ये यांनी खिडकीबाहेर बघून उसासा टाकला, "हे पाणी आपल्याकडं असतं तर!" मागून आवाज आला, "तर आपण ऊस लावला असता." तिसरा म्हणाला, "अन् मंग पुन्हा पाणी कमी पडलं असतं." यावर सगळ्यांचं एकमत झालं आणि बसमध्ये समाधान पसरलं.

दुसऱ्या दिवशी सायकल सफर. सकाळीच कळलं की कंपनीच्या साहेबानं रात्रीच्या जेवणात समुद्रातलं काहीतरी खाल्लं होतं आणि आता त्याला खोली सोडता येत नव्हती. त्याच्याखेरीज इंग्रजी येणारी गटात मी एकटीच. दरवाजा किलकिला करून तो मला म्हणाला, "मॅडम, आजचा दिवस तुम्ही सांभाळा." मॅडम हा शब्द यांनी ऐकला आणि इकडेतिकडे बघितलं.

आमची मार्गदर्शक चाळिशीची, काटक बाई होती. गळ्यात शिट्टी, डोक्यावर गवताची टोपी, हनुवटीखाली दोरी. तीन लेकरांची आई आहे, हे तिनं आधी सांगितलं आणि मग सायकल समजावून सांगितली. मोटार आपोआप पळत नाही, पाय मारले की ती जोर लावते. जोर कमी-जास्त करायचं बटण डाव्या मुठीजवळ. जास्त जोर फक्त चढावर ठेवा, नाहीतर बॅटरी लवकर संपेल. मी एकेक वाक्य मराठीत सांगितलं. सहाही जणांनी मान डोलावली आणि सहाही जणांनी बटण शेवटच्या आकड्यावर नेऊन ठेवलं.

"मोटार हाय म्हनल्यावर पाय कशाला हालवायचे बे?" अध्यक्ष शेजारच्याला म्हणाले.

मार्गदर्शक पुढे, सगळे तिच्या मागे, असा नियम. पहिल्याच वळणावर अध्यक्षांनी तिला मागे टाकलं. आयुष्यात कुणाच्या मागे चालायची सवय नाही, असं ते नंतर म्हणाले. तिनं शिट्टी वाजवली. ती आपल्या स्वागताची समजून त्यांनी हात हलवला आणि चुकीच्या रस्त्याला लागले. आम्ही त्यांच्यासाठी थांबलो, तिथंच पहिला घोटाळा झाला.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भाताची शेतं होती. मार्गदर्शक समोरच्या जुन्या देवळाबद्दल सांगत होती. ऐकत कुणीच नव्हतं. सगळ्यांचे डोळे भातावर. पिकाला पिवळेपणा आलेला होता.

"करपा हाय," एक जण सायकल टेकवून म्हणाला.

"कशाचा करपा? झिंक कमी पडलंय."

"तुडतुडं असणार. बुडाला बघा, बुडाला!"

अध्यक्ष परत आले. त्यांनी बांधावर बसून एक पान ओढलं, सूर्याकडे धरलं, चुरगाळून वास घेतला. "उशीर केला," ते म्हणाले. "आता फवारणीचे दोन हात मारावे लागतील. एक बुरशीचं, एक किडीचं." मग यांनी तिसरा हात सुचवला. आमच्यापैकी एकाच्याही गावात भात पिकत नाही. खिचडीच्या ताटापलीकडे कुणी तो जवळून बघितला नव्हता. पण दुकानात बसून बसून एक सवय लागते. पिवळं दिसलं की हात आपोआप मागच्या औषधांच्या फळीकडे जातो.

मी एक लोंबी तोडली आणि दाणा दाताखाली धरला. टणक लागला. ज्वारी असो की भात, दाणा हुरड्यात आहे का पिकून वाळलाय, हे दाताला कळतं.

"अहो, हे पिकलंय," मी म्हणाले.

"तू थांब जरा," हे म्हणाले. "इथं चर्चा चाललीय."

तेवढ्यात शेताची मालकीण आली. साठीची बाई, कमरेला विळा. पोपटी कपड्यातली सहा माणसं तिच्या बांधावर बसून पानं तोडतायत, हे बघून ती घाबरली नाही, नवल करत उभी राहिली. अध्यक्षांनी मला फर्मान सोडलं, "इचारा तिला, फवारणी कधी केलती?"

मी मार्गदर्शकाला इंग्रजीत विचारलं, तिनं बाईला तिच्या भाषेत विचारलं. बाईचं उत्तर त्याच वाटेनं उलट आलं: परवा कापणी आहे, आता कशाची फवारणी? मी ते जसंच्या तसं सांगितलं.

"तिला कळलं न्हाई. नीट इचारा," अध्यक्ष म्हणाले.

तिथून पुढे मी भाषांतराची पद्धत बदलली. अध्यक्षांनी दहा मिनिटं औषधाचं प्रमाण सांगितलं, पंपाला किती, एकराला किती. मी मार्गदर्शकाला सांगितलं, "हे म्हणतायत, तुमचं पीक फार सुंदर आहे." बाई खूश झाली. ती भडाभडा बोलली. अर्थ असा निघाला की यांना कापणीला पाठवता का, माणसं कमी पडतायत. मी मराठीत सांगितलं, "ती म्हणते, लई उपकार झाले." अध्यक्षांनी गॉगल काढून नमस्कार केला. इतकी वर्षं दुकानात न बसल्याचं मला त्या दिवशी पहिल्यांदा वाईट वाटलं.

देऊळ राहिलंच. पुढे धबधबा होता, पण त्याच्या आधी एक गाव लागलं आणि त्या गावात, अगदी रस्त्याला लागून, खतं-औषधांचं दुकान. दारात पोत्यांची थप्पी, वर बाटल्यांच्या रांगा, आणि तोच वास. त्या वासानं सहा ब्रेक एकदम लागले. मार्गदर्शकानं विचारलं, कुणाला काही हवंय का? मी म्हणाले, "हे यांचं देऊळ आहे." तिनं घड्याळ बघितलं आणि शिट्टी खिशात टाकली.

दुकानात एक बाई खुर्चीवर बसून पंख्यानं वारा घेत होती.

"मालक कुठं गेलेत, इचार," हे मला म्हणाले.

मी विचारलं. मार्गदर्शक म्हणाली, याच मालक. मी तसं सांगितलं. हे सगळे आपसांत हसले. एक जण म्हणाला, "ते ठीक हाय, पण खरे मालक?" मग मी तेही विचारलं. उत्तर आलं, नवरा घरी आहे, त्याचे गुडघे दुखतात.

तिच्या डोक्यावर भिंतीला परवाना होता. त्यावर तिचाच फोटो, आणि खाली तीच बसलेली. मी एकदा वर बघितलं, एकदा खाली. गिऱ्हाइकं आमच्या दुकानात बघतात तसं.

आम्ही कोण, हे कळल्यावर तिनं सगळ्यांना प्लास्टिकच्या खुर्च्या दिल्या. मिरचीचं पान आकसतं त्याला तुमच्याकडे काय देता, असं तिनं विचारलं. सहा जणांनी सहा बाटल्यांची नावं सांगितली आणि त्यावरून आपसांत वादाला लागले. त्या गोंधळात तिनं मला विचारलं, "आणि तुम्ही?"

मला माहीत नव्हतं. मी तसंच सांगितलं. मग विचारलं, "तुम्ही काय देता?"

"आधी शेतात जाऊन बघते," ती म्हणाली. "मग कधी देते, कधी देत नाही." तिनं मला चिकट पिवळे कागद दाखवले, किडी धरायचे. मग विचारलं, दुकान कुणाचं? मी म्हटलं, परवाना माझा, बसतो नवरा. तिला समजेना. "मग दुकानात तुमचं काय काम?"

बी.एस्सी. इंग्रजीतून झालेली, पण याचं उत्तर मला इंग्रजीत सुचेना. शेवटी म्हणाले, "मी भिंतीवर असते."

मार्गदर्शकाला आधी कळलं. ती हसता हसता एका पोत्यावर बसली. तिनं ते दुकानवालीला सांगितलं. ती हसली नाही. तिनं माझा हात धरून स्वतःच्या खुर्चीत मला बसवलं आणि म्हणाली, बसून बघा, पंख्याचा वारा इथंच नीट लागतो. खरंच लागत होता. यांनी मान वळवली, मला तिथं बसलेलं बघितलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि तेवढ्यात अध्यक्षांनी यांना एका बाटलीवरचं लेबल वाचायला बोलावलं.

दोन तासांनी निघालो. धबधब्याचा चढ सुरू झाला आणि पहिल्या अर्ध्या मैलात अध्यक्षांची सायकल थांबली. मग दुसऱ्याची. मग यांची. बॅटऱ्या संपल्या होत्या. मोटारीसकट ती सायकल म्हणजे अडून बसलेलं रेडकू. पाय मारून हालेना, ढकलून हालेना. माझी अर्धीअधिक शिल्लक होती, कारण मला बटणाची भीती वाटत होती म्हणून मी सकाळपासून पायच मारत आले होते.

मार्गदर्शकानं फोन करून टेम्पो मागवला. तास लागेल, म्हणाली. तोवर ज्यांची सायकल चालतेय त्यांनी धबधबा बघून यायचा. म्हणजे तिनं आणि मी.

हे नारळाच्या बुंध्याला टेकून बसले होते. हातमोजे काढून वारा घेत होते. मला हळूच म्हणाले, "तुझी मला देतीस का? तू बस इथं सावलीत."

खरं सांगायचं तर मी उतरलेही असते. एवढ्या वर्षांची सवय. पण मार्गदर्शकानं शिट्टी वाजवली आणि माझा पाय आपसूक पायडलवर पडला. "आलेच," एवढंच म्हणाले.

धबधबा बरा होता. आपल्या कपिलधारला श्रावणात पडतो, जवळपास तेवढाच. तिथं आम्ही लग्न झाल्यापासून स्वामींच्या समाधीच्या दर्शनाला जातो, आणि दर वेळी मी ओल्या दगडावर चपला सांभाळत यांच्या मागे उभी असते, पाणी दिसतं ते माणसांच्या खांद्यांवरून. इथं समोर कुणी नव्हतं. मार्गदर्शकानं माझा फोटो काढला. ड्रेसमधलाच. त्यावर पोपटी टी-शर्ट, मागे धबधबा. मला वाटलं सासूबाईंना दाखवू नये. मग घरी आल्यावर दाखवला. त्या म्हणाल्या, "पाणी चांगलं हाय."

परत आले तर हे टेम्पोत सायकलींच्या गर्दीत बसले होते. माझ्यासाठी एक शहाळं विकत घेऊन, त्याचं तोंड हातानं झाकून धरलेलं, माशी बसू नये म्हणून. "कसा होता?" असं विचारलं. मी म्हटलं, कपिलधारसारखा. "मंग काय," हे म्हणाले, "आपण बघितलेलाच हाय." आणि त्यांना फार बरं वाटलं.

गावी आल्यावर महिनाभर दुकानात सहलीच्या गोष्टी चालल्या. मी आतून ऐकायची. परदेशातल्या एका बाईचं भाताचं पीक जाता जाता यांनी कसं वाचवलं, ती हात जोडून कशी उभी राहिली. दर आठवड्याला शेत अर्ध्या एकरानं वाढत होतं. भाषांतर माझंच होतं.

पण दुपारी हे जेवून आडवे झाले की मी दुकानात जाऊन बसायला लागले. पहिल्या दिवशी यांनी विचारलं, "कावून?" मी म्हटलं, "वारं लागतंय तिथं." पंखा खरंच खुर्चीवरच होता, त्यामुळे हे कूस बदलून झोपले.

पहिले आठ दिवस लोक दारातून बघून परत जायचे. नवव्या दिवशी शेजारच्या वस्तीवरचे एक धनगर शेतकरी मोसंबीचं पान घेऊन आले. पान पिवळं. मालक नाहीत हे बघून चुळबुळले.

"काका, बाग बघावी लागंल," मी म्हणाले.

"मालक तर पान बघूनच देतेत की."

"मला पानावरून कळत न्हाई."

हे इतकं खरं होतं की त्यांनी बागेची वाट सांगितली. दुसऱ्या दिवशी मी स्कुटीवर गेले. काळी जमीन, आणि ठिबकची नळी अगदी खोडाला चिकटवून ठेवलेली. बुडाशी चिखल, खोडातून डिंक येत होता. मी म्हटलं, नळी दीड हात लांब सरकवा आणि पंधरा दिवस पाणी तोडा. काकांनी वाट बघितली. मी काही काढून देईना, तेव्हा विचारलं, "अन् औषध?"

"नको आत्ता."

त्यांचा चेहरा पडला. वैद्यानं नाडी धरून पुडी न देता सोडल्यासारखा. काकूंनी मात्र पिशवीभर मोसंबी दिली.

पुढे कळलं ते असं. काकांनी नळी सरकवली, पाणीही तोडलं. पण मनाला बरं वाटेना, म्हणून गेवराईला जाऊन दुसऱ्या दुकानातून एक चकचकीत बाटली आणून फवारली. महिन्याभरात बाग हिरवी झाली. आता ते बाजारच्या दिवशी भेटेल त्याला सांगतात, "त्या बाटलीचा रिझल्ट लई जबरी हाय." माझं नाव ते घेतात, नाही असं नाही. म्हणतात, "वहिनी येऊन बघून गेल्त्या, पण त्यांना काई सुधरलं न्हाई."

यांच्या कानावर ते गेलं. संध्याकाळी यांनी फोन लावून त्या बाटल्यांचे दोन खोके मागवले. काकूंनी पुन्हा पिशवीभर मोसंबी धाडली होती, त्यातली एक मी सोलून पुढे ठेवली. एक फोड तोंडात टाकून हे म्हणाले, "गोड हाय. कुनाच्या बागंतली?"